शिवरात्रीचा बटाटा, आषाढीचा बटाटा: उपासाचं थालीपीठ पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमचं अमळनेरचं घर वर्षातून दोन दिवस सगळंच्या सगळं उपास करतं, महाशिवरात्रीला आणि आषाढी एकादशीला. बाकीचे उपास ज्याचे त्याचे. सासूबाई महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरायच्या, जाऊबाईंची चतुर्थी, नवरात्रात कुणी उठता-बसता करतं तर कुणी नऊ दिवस. पण या दोन दिवशी पहिलीतल्या पोरापासून म्हाताऱ्या चुलतसासऱ्यांपर्यंत कुणाच्याच पानात पोळी-भात नसतो. दुपारच्या फराळाला होतात कच्च्या बटाट्याच्या किसाची थालीपिठं.

खान्देशातलं सणावाराचं रांधणं शिकायचं असेल तर सुरुवात इथून करा, असं मी नव्या सुनांना आणि नोकरीसाठी बाहेरगावी राहणाऱ्या पोरांना सांगते. आखाजीचे, म्हणजे अक्षय तृतीयेचे, मांडे हातावर मोठे करून खापरावर टाकायचे तर त्याला वर्षानुवर्षांचा हात लागतो. कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रोटांना भाऊबंदांची रीत असते, ती घरातल्या मोठ्यांकडूनच घ्यावी लागते. थालीपिठाला एक किसणी, एक फडकं आणि एक जड तवा पुरतो. मात्र सोपं दिसतं म्हणून ते गृहीत धरलं जातं, आणि मग फसतं.

माझंही फसलं होतं. माझं माहेर नाशिककडचं. आमच्याकडे उकडलेल्या बटाट्याची थालीपिठं व्हायची, हाताला तीच सवय. लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला मी हे काम मागून घेतलं. तीन किलो बटाटे किसले, मीठ, मिरची, कूट सगळं एकदम कालवलं आणि तवा तापायला ठेवला. पाच मिनिटांत परातीत पाणीच पाणी. राजगिऱ्याचं पीठ घातलं, पुन्हा पाणी सुटलं, पुन्हा पीठ घातलं. डबा संपला तेव्हा परातीत नुसता चिकट लगदा होता. तव्यावर तो वरून काळा झाला आणि आत कच्चाच राहिला. पंधरा माणसं हातपाय धुऊन पानावर बसलेली. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी परात बाजूला सरकवली, टोपलीतले उरलेले बटाटे काढले आणि जुन्या धोतराचं फडकं माझ्या हातात दिलं. "आधी पानी काढ, मंग पीठ टाक," एवढंच म्हणाल्या.

खाली जे लिहिलंय ते बरंचसं त्या वाक्याला धरून आहे.

बटाटा आधी बघा

पाककृतीत "बटाटे १ किलो" असं लिहिलेलं असतं, पण शिवरात्रीचा एक किलो आणि आषाढीचा एक किलो सारखे नसतात. बटाटा हे मुख्यतः रब्बीचं पीक. जानेवारी ते मार्च या काळात तो निघतो. शिवरात्र येते माघात, म्हणजे फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला. तेव्हा बाजारात नवा बटाटा असतो: साल इतकी पातळ की अंगठ्याने चोळली तरी निघते, आणि आत पाणी भरपूर. आषाढीपर्यंत जून-जुलै उजाडतो. तेव्हा हाती येतो तो बहुतेक शीतगृहात तीन-चार महिने राहिलेला जुना बटाटा. त्याची साल जाड आणि गर घट्ट असतो. पण थंडीत राहिल्यामुळे त्यातलं थोडं सत्त्व साखरेत बदललेलं असतं. खाताना किंचित गोड लागतो, आणि तव्यावर पडला की आत शिजण्याआधी बाहेरून लाल होतो.

म्हणून शिवरात्रीला लक्ष पाण्यावर ठेवायचं आणि आषाढीला आचेवर. नवशिक्याने एवढं धरून ठेवलं तरी निम्मं काम झालं.

आषाढीसाठी बटाटे आठ-दहा दिवस आधी आणून ठेवा. टोपलीत, अंधाऱ्या पण हवेशीर जागी, फ्रिजबाहेर. घरच्या उबेत राहिले की त्यांचा गोडवा बराच कमी होतो. फ्रिजमध्ये ठेवले तर उलट वाढतो. शिवरात्रीचे बटाटे मात्र दोन दिवस आधी आणले तरी चालतात.

दुकानात वाण विचारून फारसा उपयोग होत नाही, गोणीवर लिहिलेलं असेल तर बघा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांच्या नावात "कुफ्री" असतं. कुफ्री पुखराज दिसायला छान आणि पिवळसर, पण पाणीदार. कुफ्री चिप्सोना वेफर्ससाठीच काढलेला, घट्ट गराचा, थालीपिठाला उत्तम. नाव कळलं नाही तर घरी एक परीक्षा करता येते. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. बुडला तर सत्त्व जास्त, कुरकुरीत होणार. तरंगला तर पाणीदार, तो भाजीला ठेवा. दरवेळी करायची ही गोष्ट नव्हे, पण पहिल्यांदा एकदा करून बघा, हाताला फरक कळायला लागतो.

हिरवट झालेला बटाटा घेऊ नका. घरात ठेवून हिरवा झाला आणि कोंब आले असतील तर टाकून द्या. ते पोटाला बाधतं, आणि उपासाच्या रिकाम्या पोटी तर नकोच.

घरात काय चालतं ते आदल्या दिवशी विचारा

ही पायरी लेखी कृतीत कधीच नसते, आणि अडचण नेमकी इथेच होते. उपासाला काय चालतं हे घराघरांत वेगळं. आमच्याकडे जिरं आणि हिरवी मिरची चालते, कोथिंबीर चालत नाही. चार घरं सोडून नणंदेच्या सासरी कोथिंबीर चालते पण जिरं नाही. कुणाला लाल तिखट चालतं, कुणाला मिरीच लागते. हळद आणि मोहरी बहुतेक ठिकाणी वर्ज्य. मीठ आम्ही सैंधव वापरतो. तेल शेंगदाण्याचं, काही घरी फक्त तूप. नव्या घरात पहिल्यांदा करणार असाल तर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला दशमीच्या दिवशीच विचारून घ्या. ऐन वेळी कोथिंबीर चिरून घातली आणि चुलतसासूंनी ताट बाजूला सारलं, तर त्या दिवसभर उपाशी राहतात. तो दोष कृतीचा नसतो.

तव्याचंही असंच. आषाढीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते. चातुर्मासात कांदा-वांगं सोडणारी घरं त्या दिवशी कांदाभजी आणि वांग्याचं भरीत पोटभर खाऊन घेतात. लोखंडी तवा कांद्याचा वास धरून ठेवतो. दशमीला संध्याकाळी तो राखेने किंवा जाड मिठाने घासून, तापवून, तेलाचा हात फिरवून ठेवा. काही घरी उपासाचा तवा वेगळाच असतो, तर प्रश्न मिटला.

ज्या ताटातून आपण इतकं सोवळं पाळतो, त्यातल्या बऱ्याच वस्तू फार दुरून आल्या आहेत. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांतला, पोर्तुगिजांबरोबर इकडे आला, त्याचं मराठी नावही पोर्तुगीज शब्दावरूनच पडलं. मिरची, शेंगदाणा, साबुदाणा ज्याच्यापासून होतो ते कंद, राजगिरा, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडात. शिंगाडा आणि भगर तेवढ्या जुन्या इकडच्या. एकादशीला धान्य वर्ज्य, आणि हे सगळं धान्याच्या यादीत नव्हतं, म्हणून सहज सामावलं गेलं. मला हे कळलं तेव्हा बरं वाटलं. परंपरा म्हणतो ती आपल्या पणज्यांनी समोर आलेली नवी वस्तू हातात घेऊन, विचार करून घडवलेली आहे.

चार माणसांसाठी सामान

बटाटे १ किलो. शिंगाड्याचं पीठ शिवरात्रीला ३ मोठे चमचे, आषाढीला २. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट अर्धी वाटी, जाडसर. हिरव्या मिरच्या ५-६, जिऱ्याबरोबर वाटून. जिरं १ चहाचा चमचा. सैंधव दीड चहाचा चमचा, सपाट. भाजायला शेंगदाणा तेल अर्धी वाटी जवळ असू द्या, सगळं लागणार नाही. शिंगाड्याऐवजी राजगिऱ्याचं पीठ चालतं, पण थालीपीठ थोडं मऊ होतं. साबुदाण्याचं पीठ जास्त पडलं तर चिवट होतं, म्हणून मी टाळते.

किसणं, पिळणं आणि तळाचा साका

इथे घाई करू नका. सगळी गंमत याच वीस मिनिटांत आहे.

मोठ्या पातेल्यात तांब्याभर गार पाणी घ्या. बटाटे सोलून किसणीच्या मोठ्या भोकांच्या बाजूने थेट त्या पाण्यात किसा. हवा लागली की कीस आधी गुलाबी आणि मग काळपट पडतो, पाण्यात राहिला तर पांढरा राहतो. किसणी आडवी धरून लांब हात मारा. कीस लांब निघाला की तव्यावर त्याचं जाळं धरतं, तुकडे पडले तर ते सुटत राहतं.

कीस पाण्यात हाताने दोनदा हलवा. जुना बटाटा असेल तर पाच मिनिटं तसाच राहू द्या, पृष्ठभागावरची साखर थोडी धुऊन जाते. नव्याला थांबायची गरज नाही. मग दोन्ही हातांनी कीस उचलून फडक्यावर घ्या. पातेल्यातलं पाणी फेकू नका. हे मी दोनदा सांगते, कारण सगळे फेकतात.

फडकं सुती आणि विरळ विणीचं हवं. जुन्या धोतराचं, पंच्याचं, मलमलीचं. टॉवेल नको, त्याचे धागे किसाला लागतात. चारी टोकं एकत्र धरून पुरचुंडी करा आणि त्याच पातेल्यावर धरून पिळा. पहिल्या पिळ्याला धार लागते. हात दुखला की थांबा, पुरचुंडी उघडा, कीस हाताने मोकळा करा, पुन्हा गाठ मारून पिळा. दुसऱ्या वेळेला थेंब येतात. नव्या बटाट्याला तिसऱ्यांदा पिळावं लागतं. जमलं की नाही हे बघायचं असेल तर चिमूटभर कीस तळहातावर ठेवून मूठ दाबा. मूठ उघडल्यावर हात ओलसर असावा, पण पाणी ओघळता कामा नये. शिवरात्रीला एक किलोतून पेलाभर पाणी सहज निघतं.

आता पातेलं दहा मिनिटं न हलवता ठेवा. वरचं पाणी तांबूस-मळकट दिसेल. ते हलक्या हाताने, पातेलं तिरपं करून ओतून द्या. शेवटी तळाशी पांढराशुभ्र साका चिकटलेला दिसेल, खडूसारखा, बोट लावलं तर घट्ट आणि बोट ओढलं तर विरघळल्यासारखा. हे बटाट्याचं सत्त्व. चमच्याने खरवडून ते पिळलेल्या किसात परत घाला. थालीपीठ धरून ठेवायला याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण ते त्याच बटाट्याचं आहे. तव्यावर गरम झालं की फुगून किसाला किस चिकटवतं. याच्यामुळेच पीठ कमी लागतं आणि खाताना बटाटा लागतो, पीठ लागत नाही.

माझी भाची कॅनडात असते. तिच्या शेजारच्या ज्यू आजीबाई हिवाळ्यात हनुक्का सणाला बटाट्याच्या छोट्या टिकल्या तळतात, त्यांना लाटके म्हणतात. भाचीने मला फोनवर ते सगळं दाखवलं, आणि मी बघतच राहिले. तोच कीस, तीच फडक्याची पुरचुंडी, आणि आजीबाई पातेलं तिरपं करून तळाचा पांढरा साका अगदी तसाच खरवडून घेत होत्या. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांची ही पद्धत. हनुक्का आठ दिवसांचा. जेरुसलेमच्या मंदिरात दिव्याला एक दिवसापुरतं उरलेलं तेल आठ दिवस जळलं अशी त्याची कथा, म्हणून त्या सणाला तेलात तळलेलं खातात. त्यांच्या किसात कांदा आणि अंडं असतं, सोबत सफरचंदाचा शिजवलेला गर किंवा आंबट साय. तेलाचा विषय निघाला म्हणून सांगते, आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. त्यांचा नवसाचा, शुभकार्याचा पदार्थ मात्र वेगळा, पोह्यांचा मलिदा.

कालवणं, आणि न चाखता मीठ

पिळलेल्या किसात साका, पीठ, कूट, वाटलेली मिरची-जिरं घालून हाताने सैल कालवा. मळू नका. मीठ अजून नाही.

मीठ बटाट्यातून पाणी ओढून काढतं. म्हणून तवा तापला, पहिलं थालीपीठ टाकायची वेळ झाली की मगच मीठ घाला, तेही जेवढे लगेच करणार तेवढ्याच किसात. माझ्या पहिल्या शिवरात्रीची चूक हीच होती.

आता नवशिक्यांचा हमखास प्रश्न: मीठ बरोबर पडलंय हे कळणार कसं? फराळाचं पहिलं पान देवाला जातं, त्यामुळे आधी चाखता येत नाही. "चाखू नको, निवद बाकी शे," हे मी सासूबाईंकडून इतक्यांदा ऐकलंय की आता चमचा तोंडाकडे जातच नाही. उपाय एकच, मोजून घालणं. किलोला दीड सपाट चमचा हे प्रमाण मी वर दिलं ते त्याचसाठी. सैंधवाचे खडे कुटून वापरत असाल तर बारीक कुटा, जाड राहिलं तर चमच्यात कमी मावतं आणि अळणी होतं. आदल्या आठवड्यात एखाद्या साध्या दिवशी एका बटाट्याचं करून बघा, तेव्हा चाखा, तुमच्या घरचं प्रमाण वहीत लिहून ठेवा.

तव्यावर

तवा जड हवा. बिडाचा किंवा जाड लोखंडी. पातळ तव्यावर मध्ये जळतं आणि कडा पांढऱ्या राहतात. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून जावा.

थापायला आम्ही केळीचं पान घेतो. जळगाव जिल्ह्यात केळीचं पान मिळवायला लांब जावं लागत नाही. तळहाताहून जरा मोठा तुकडा, त्यावर तेलाचा हात, त्यावर किसाचा लिंबापेक्षा मोठा गोळा. ओल्या बोटांनी करंगळीच्या निम्म्या जाडीचं थापा. मध्ये बोटाने भोक पाडा. तव्यावर दोन चमचे तेल पसरून पान उलटं टाका आणि दहा सेकंदांनी अलगद सोला. पान नसेल तर ओल्या फडक्यावर थापा, किंवा तवा आचेवरून उतरवून त्यावरच थापा.

दोन मिनिटं झाकण. त्या वाफेने आतला कीस शिजतो. मग झाकण काढा आणि पुन्हा ठेवू नका, नाहीतर कुरकुरीतपणा जातो. भोकात आणि कडेने चमचाभर तेल सोडा. आता हात मागे घ्या. थालीपीठ तयार नसताना उलथणं घातलं की ते फाटतं, आणि नवशिक्यांची निम्मी थालीपिठं याच घाईत जातात. कडा बदामी झाल्या, तव्याची दांडी जरा हलवली आणि थालीपीठ आपणहून सरकलं, की उलटा. पहिली बाजू पाच-सहा मिनिटं, दुसरी तीन-चार. आवाजाकडेही कान ठेवा. सुरुवातीला चरचर ओली आणि मोठी असते, पाणी उडून गेलं की बारीक आणि कोरडी होते.

आषाढीचा बटाटा असेल तर आच मध्यमच्याही खाली आणि वेळ एक-दोन मिनिटं जास्त. लाल रंग दिसला म्हणून काढू नका, आत कच्चं असेल. उलथण्याने मधोमध दाबून बघा, मऊ दबलं की झालं.

उतरवलं की एकावर एक रचू नका. खालचं वरच्याच्या वाफेने ओलं होतं. परातीत चाळणी उपडी ठेवून त्यावर पसरा. आषाढात हवेतच ओल असते, तेव्हा दहा मिनिटांतही मऊ पडतं, म्हणून त्या दिवशी तव्यावरून थेट पानात वाढायचं.

पंधरा माणसांचं गणित

चार माणसांचं जमलं तरी सणाला घर भरलं की ते पुरत नाही. मोठं थालीपीठ तव्यावर एका वेळी एकच मावतं आणि त्याला दहा मिनिटं लागतात. दोन तवे लावले तरी तासाला बाराच. माणशी दोन धरली तर तीस थालीपिठांना अडीच तास, आणि शेवटच्या पानावरचा माणूस तोवर भुकेने कळवळतो. शिवरात्रीला आमच्याकडचे काही जण पहाटेच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला आणि तिथून मुक्ताईच्या दर्शनाला जातात, त्या दिवशी तिथे यात्रा असते. ते दुपारी दोनला दमून परततात. त्यांना तासभर बसवून ठेवणं मला बरं वाटेना.

म्हणून आता मी लहान करते, तळहाताएवढी, एका तव्यावर तीन. ती आठ मिनिटांत होतात. दोन तव्यांवर तासाला चाळीसच्या वर निघतात. माणशी चार धरून पंधरा माणसांना साठ लागतात, त्याला साडेतीन ते चार किलो बटाटा पुरतो आणि दीड तासात सगळे जेवून होतात. लहान थालीपिठाला कड जास्त मिळते. पोरांना कडच हवी असते.

सगळा बटाटा एकदम किसू नका. एक किलो किसून, पिळून कालवला की तो तव्यावर जाईपर्यंत दुसरा किलो पाण्यात. यासाठी माणसं वाटून घ्या. सोलायला बसून काम करणारी मोठी माणसं. किसायला तरणा दीर किंवा भाचा, त्याच्या हाताला बळ असतं. पिळायला दोघं, पुरचुंडीचं एकेक टोक धरून उलट दिशांना. हे काम आठ-दहा वर्षांच्या पोरांना द्या, ती आनंदाने करतात आणि त्यांना किती पिळायचं ते कायमचं कळतं. माझा मुलगा लिहा-वाचायला शिकण्याआधी साका ओळखायला शिकला. तव्यावर दोघीच, तिसरी आली की गोंधळ होतो. किसणीवर शेवटचा तुकडा राहिला की तो सोडून द्या. बोट कापलं तर पुढचं सगळं थांबतं.

सोबत काय

भगर, पुण्याकडे जिला वरी म्हणतात ती, आणि शेंगदाण्याची आमटी हवीच. आमटी पातळ आणि जिऱ्या-मिरचीची. थालीपिठाबरोबर दही आणि उपासाचं लिंबाचं लोणचं. आमच्या भागात केळं घरचंच, रावेर-यावलकडचे पाहुणे आले की घडच घेऊन येतात, त्यामुळे शिकरणही होतं. पोरं लहान थालीपिठावर साखर भुरभुरवून खातात, खाऊ द्या.

बटाटा महाग असेल किंवा कमी पडला तर कच्ची केळी उकडून, सोलून, किसून निम्म्याला निम्मी मिसळा. केळं धरून ठेवतं, मग पीठ अजिबात लागत नाही. चव थोडी वेगळी, पण पोटाला हलकं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये बटाटा स्वस्त असतो, तेव्हा जास्तीचा घेऊन वाळवणही करून ठेवा. खान्देशातल्या उन्हासारखं ऊन कीस वाळवायला दुसरीकडे क्वचित मिळतं. एप्रिलमध्ये गच्चीवर उकडून किसलेला बटाटा दोन दिवसांत खडखडीत होतो. तो डब्यात भरला की आषाढीला तळून थालीपिठाशेजारी वाढता येतो, आणि ज्या पानावर थालीपीठ अजून पोचलेलं नाही त्या माणसाला बसल्या बसल्या चघळायला काही तरी मिळतं.

उपास नसेल त्या दिवशी

याच किसात बारीक चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, कोथिंबीर घाला आणि शिंगाड्याच्या जागी दादर ज्वारीचं किंवा कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. पावसाळी संध्याकाळी हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर हे उपासाच्या थालीपिठाहूनही छान लागतं. कांद्यालाही पाणी सुटतं, म्हणून तो चिरून वेगळा पिळून घ्या. बाकी सगळं तेच.

उरलेल्याचं

उरलेलं पीठ-मीठ लावलेलं कालवण ठेवू नका, काळं पडतं आणि पाणी सुटतं. शेवटचा घाणा करूनच टाका. भाजलेली थालीपिठं रात्री जाळीच्या पेटीत किंवा सैल झाकून ठेवली तर सकाळपर्यंत टिकतात. शिवरात्र असो की एकादशी, पारणं दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वयंपाक होईपर्यंत चहा असतोच. त्याच्याबरोबर खायला ही थालीपिठं त्याच तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं ठेवा. आदल्या दिवशीचं ओलं तेल पुन्हा वर येतं आणि कडा परत कडक होतात. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर चामड्यासारखं होतं. सासूबाई असं सकाळचं थालीपीठ कोऱ्या चहात बुडवून खायच्या, ओट्याशी उभ्या उभ्याच.